पाठीवरची रेघ

"व्यवसाय?" छोट्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

"घरीच असतात," मी म्हणाले.

उज्ज्वलाने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं, पण मनात टिपून ठेवलं नाही. कराडला नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढलेल्या बाईकडून असं व्हायला नको होतं. पण त्याच एकतीस वर्षांत हाताला सवय लागली होती. बाईच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आला की 'घरकाम' लिहायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. त्यावर हरकत घ्यायला कधी कुणी परत आलं नाही. मेलेल्या येणार नाहीत हे ठीक, पण जिवंतही कुणी आल्या नाहीत.

"जड काम वगैरे?"

"छे हो. धुण्याला मशीन, भांड्याला बाई."

डॉ. तांबोळींनी तिथे एक आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.

उज्ज्वला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मनोहरची बायको. त्या वेळी अठ्ठेचाळीस वर्षांची. अडीच वर्षांपूर्वी मिरजेच्या याच हॉस्पिटलात तिच्या छातीची डावी बाजू काढली होती. मग केमो, मग पंचवीस दिवस लाइट, म्हणजे रेडिएशन. सगळं निभावलं. आता आम्ही तिथेच परत आलो होतो, ते काढलेलं नव्याने करून घ्यायला.

पहिल्या वेळी भेटायला चौतीस माणसं आली होती. मी मोजली होती, कोण किती वेळ बसलं तेही माझ्या लक्षात आहे. या वेळी दोघींचे फोन आले, आणि तेही आजारी माणसाची विचारपूस केल्यासारखे नव्हेत. सोनाराकडे काही करायला टाकलंय असं कळल्यावर बायका जो आवाज लावतात, तो आवाज होता. "या वयात? कशाला गं?"

कशाला, हे मलाही हवंच होतं. कुकरची शिटी बिघडली तर महिनाभर न सांगता चालवून घेणारी ही बाई, आणि तिने अलीकडे तपासणीच्या दर फेरीला डॉक्टरांना विचारलं होतं, "ते नवीन कधी करता येईल?" मी गाडीत तिला डिवचून पाहिलं. "काय गं, मनोहरने हट्ट धरलाय का?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांना कुठे हट्ट करता येतो, वन्सं." यातून काय समजायचं? आजारपणापासून मनोहर बाहेरच्या खोलीत झोपत होता, स्वतःच्या घोरण्याचं निमित्त सांगून. तो लग्नाच्या दिवसापासून घोरतोय. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझ्यापुरतं उत्तर लिहून टाकलं. नवऱ्यासाठी.

दुपारी मोठे डॉक्टर आले. डॉ. कित्तूर. उंच, हसरे, हात मात्र बर्फासारखे गार. त्यांनी उज्ज्वलाच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला आणि ती हातातून निसटली.

"इथे तर काहीच मिळत नाही. पोट कुठे ठेवून आलात?"

"सगळं माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "लागेल तेवढं घ्या."

"दुसऱ्याचं चालत नाही हो, आजी."

आजी! माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान असतील.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. लाइट दिल्यामुळे छातीची कातडी आवळून आलीय, नुसतं सिलिकॉन तिथे बसणार नाही. पोटावर चरबी नाही. मग उरली पाठ. डाव्या पाठीचा एक रुंद स्नायू वरच्या कातडीसकट सोडवायचा, काखेखालून वळवून पुढे आणायचा आणि त्याच्या आत लहानसं सिलिकॉन ठेवायचं.

"तो स्नायू गेला की?" उज्ज्वलाने विचारलं.

"काही अडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत केस विंचराल, पोळ्या लाटाल, स्कूटर चालवाल. मी दीडशे बायकांचा काढलाय. एकीचीही तक्रार नाही."

"आणि ओढता येईल?"

"काय ओढायचंय?"

ती थांबली. म्हणून मीच म्हणाले, "काही नाही हो डॉक्टर. घरात चोवीस तास नळ आहे."

सगळे हसले. तीही हसली, पण उशिरा. डॉक्टरांनी तिला वळवून तिच्या पाठीवर जांभळ्या पेनाने एक लांबोळकं काढलं. "उद्या सकाळी आठ वाजता." संमतीच्या कागदावर मनोहरने सकाळीच सही केली होती आणि तो कराडला ऑफिसला गेला होता. संध्याकाळी डबा घेऊन यायचा होता.

वॉर्डात आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"वन्सं, त्यांनी कुठपर्यंत काढलंय बघा."

"काखेच्या मागून सुरू होतंय, कमरेच्या वर संपतंय. कुणीतरी मोठं वांगं काढल्यासारखं दिसतंय."

"त्यावर हात ठेवा."

ठेवला. तिने डावा हात वर नेला, खाटेच्या उशाशी असलेला लोखंडी दांडा धरला आणि खाली खेचला.

"आता कसं लागतंय?"

"टणक."

दांडा सोडला. "आता?"

"मऊ."

परत धरला. "आता?"

"अगं, परत टणक. हे काय चाललंय?"

"मग तोच," ती म्हणाली.

"तोच कोण?"

तिने दांडा सोडला. माणूस गप्प बसला की मला सहसा जास्त कळतं, पण या वेळी काहीच लागेना. भीती म्हणावी तर अडीच वर्षांपूर्वी, याहून मोठ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, ती माझ्याशी पत्ते खेळली होती आणि जिंकली होती. मन फिरलं म्हणावं तर मघाशीच नर्सला विचारत होती, टाके किती दिवसांनी काढतात. बीपी वाढलं असेल अशी मी स्वतःची समजूत घातली आणि साडेचारला चहा आणायला खाली गेले.

परत आले तर वॉर्डाच्या दारापर्यंत ओरडा ऐकू आला. समोरच्या खाटेवर पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या मालगावच्या आजी होत्या. त्या बसल्या जागी किंचाळत होत्या, "आगं बया! उतर की गं! वटवाघळावानी काय लटकलीयास!"

खिडकीजवळची खाट रिकामी होती. हाड मोडलेल्या माणसाचा पाय टांगून ठेवायची लोखंडी चौकट तिच्यावर बसवलेली होती. त्या चौकटीच्या वरच्या दांड्याला माझी भावजय एका हाताने लोंबकळत होती. हॉस्पिटलचा हिरवा झगा, खाली सलवार, पाय गुडघ्यात दुमडलेले. गादीला स्पर्शही नाही.

"उज्ज्वला! डोकं फिरलं का तुझं? खाली ये आधी!"

"वन्सं, मोजा."

"काय मोजा?"

"आकडे. डाव्या हातावर किती वेळ राहते ते. लवकर."

आता हे माझं दुर्दैव की कुणी मोजा म्हटलं की मला मोजल्याशिवाय राहवत नाही. चहाचा थर्मास हातात धरून मी मोजत उभी राहिले. एकोणिसाव्या आकड्याला ती उतरली, हात झटकला आणि उजव्या हाताने परत लटकली. चाळिसाला मीच मोजायचं थांबवलं, कारण नर्स धावत आली होती. नर्सने दोघींनाही फैलावर घेतलं. मला जास्त. "पेशंटचं समजू शकते, पण तुम्ही मोजत काय होता?"

मी तिला चहा विचारला.

मनोहर साडेसहाला आला. डबा स्टुलावर ठेवतो न ठेवतो तोच मी म्हणाले, "तुझी बायको त्या दांड्याला लटकली होती."

"कशाला?"

"तेच तिला विचार."

तो खाटेच्या कडेला बसला. मध्ये दोन माणसं मावतील इतकं अंतर ठेवून. उज्ज्वला म्हणाली, "मला ऑपरेशन नको."

मनोहरने मोठा श्वास सोडला. सुटल्यासारखा. "मी तुला केव्हापासून सांगणार होतो. माझ्यासाठी तू काही म्हणजे काही करायची गरज नाही. मला काय, आहे तसं…"

"तुमच्यासाठी कुठे करतेय मी?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मीही बघत राहिले, कारण माझंही उत्तर चुकलं होतं.

"तुमच्यासाठी म्हणून तुम्ही सही केलीत?" तिने विचारलं.

"नाही गं. तुला हवंय म्हणून केली. मला वाटलं, तुला माझ्यासमोर लाज वाटते. म्हणून तर मी बाहेर झोपायला लागलो."

"आणि मला वाटत होतं, तुम्हाला बघवत नाही."

समोरच्या खाटेवरच्या आजींनी ऐकण्यासाठी कूस बदलली. मी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्या हटल्या नाहीत.

"मग हे सगळं कुणासाठी?" शेवटी मीच विचारलं.

"दोरीसाठी," उज्ज्वला म्हणाली.

ही दोरी म्हणजे काय ते सांगायला हवं. कराडच्या एका जुन्या तालमीत उज्ज्वला वीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवत होती. रोज सकाळी सहा ते आठ. छताला टांगलेली सुती दोरी, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तिची पकड, आणि त्या दोरीवर चढून आसनं करायची, सुलटी आणि उलटी. हे मला माहीत होतं. पण ती एक पैसा घेत नव्हती आणि घरी येऊन साडेआठला डबे करत होती, त्यामुळे मी ते सकाळच्या फिरायला जाण्याच्या खात्यात टाकलं होतं. शिवाय मला वाटायचं, ती खाली उभी राहून टाळ्या वाजवत असेल. मास्तर लोक करतात तसं.

"तू अजून चढतेस?" मनोहरने विचारलं. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

"चढत होते. लाइट संपल्यावर सहा महिन्यांनी परत सुरू केलं. गणपतीपर्यंत चढत होते."

"मग?"

"गणपतीत मुलींची प्रात्यक्षिकं होती. त्याच्या सरावाला पालक आले होते. मी एक उलटं आसन करून दाखवत होते, आणि आतलं डाव्या बाजूचं पॅड सुटलं. कुडत्याच्या गळ्यातून निसटलं आणि खाली गादीवर पडलं."

मनोहरने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"एका मुलीच्या आईने पुढे होऊन त्याच्यावर ओढणी टाकली. चांगली बाई. कुणी हसलं नाही हो, खरंच. पण मी वरच होते ना. सगळे खाली मान घालून उभे, आणि मी वर, उलटी. वीस वर्षांत पहिल्यांदा मला उतरायचं कसं ते सुचेना."

"अगं पिन लावायची, पट्टा बांधायचा," मी म्हणाले.

"सगळं करून बघितलं. दोरी छातीवरूनच जाते, वन्सं. घासली की काहीतरी हलतंच. आणि पॅड न घालताच चढले तर आया मुलींना पाठवतील का, असं वाटतं. त्या दिवसापासून मी खालून ओरडून शिकवतेय. पण मुली माझ्या आवाजावर शिकत नाहीत, माझ्या पायांकडे बघून शिकतात. म्हणून मला अंगाला शिवलेलं हवं होतं, न पडणारं. आणि आता हे डॉक्टर म्हणतात, चढायचा स्नायू काढून पुढे लावतो."

तेव्हा कुठे मला वांगं कळलं, टणक-मऊ कळलं, एकोणीस आणि चाळीस कळलं. सगळे आकडे दुपारपासून माझ्या हातात होते, फक्त बेरीज मला आली नव्हती.

"मग दुपारी डॉक्टरांना बोलली का नाहीस?" मनोहर चिडला.

"काय बोलू? याच हॉस्पिटलात मला सांगितलंय, डाव्या हाताने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, हात सुजेल. मी मान डोलावून घरी गेले आणि दोरीवर चढले. ते कळलं तर ऑपरेशनच करणार नाहीत, असं वाटलं. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, घरीच असतात." ती माझ्याकडे बघून कसनुसं हसली. "मला वाटलं, बरंच झालं."

मी उठले. डॉ. तांबोळी खालच्या मजल्यावर नर्सेसच्या टेबलाशी चहा पीत होत्या.

"डॉक्टर, एक नोंद दुरुस्त करायची आहे."

आयुष्यभर मी लोकांना नोंद दुरुस्त करण्यासाठी तीन तीन खेपा घालायला लावल्या होत्या. त्या पोरीने कप बाजूला ठेवला आणि लगेच फॉर्म काढला.

"काय लिहू?"

"दोरीवर चढतात."

"म्हणजे… सर्कशीत?"

"तालमीत. मल्लखांब शिकवतात. रोज दोन तास. आणि जड काम नाही म्हटलं होतं, तेही खोडा."

"हे तुम्ही दुपारी का सांगितलं नाहीत?"

"मला ते काम वाटलं नव्हतं," मी म्हणाले. त्यापेक्षा खरं काही माझ्याकडे नव्हतं.

सकाळी सात वाजता डॉ. कित्तूर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आधी त्यांनी उज्ज्वलाचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत टेपने मोजला, मग उजवा. दोन्हींत फारसा फरक नव्हता.

"तुमचं नशीब. सुजला असता तर? बादली नको म्हटलं तर स्वतःचं पन्नास किलो उचलताय?"

"सत्तेचाळीस," उज्ज्वला म्हणाली.

मालगावच्या आजी फिस्सकन हसल्या. डॉक्टर स्टूल ओढून बसले.

"हे बघा. स्नायू न घेता नुसती पाठीची कातडी आणि चरबी घेता येते, तिच्या रक्तवाहिनीसकट. पण ती वाहिनी दोऱ्याएवढी असते, आणि प्रत्येकीत सापडतेच असं नाही. वेळ दुप्पट लागतो. आणि एवढ्याशा चरबीत सिलिकॉन घालायची मी जोखीम घेणार नाही. जे होईल ते लहान होईल. उजव्याच्या निम्मं. आरशात बघून समाधान होणार नाही."

"लहान चालेल. पडायला नको."

"आणि वाहिनी सापडलीच नाही तर? तुम्ही बेशुद्ध असणार. मी स्नायू घ्यायचा की काय करायचं?"

उज्ज्वलाने मनोहरकडे पाहिलं. मी मनाशी पैजच लावली होती की आता हा म्हणेल, तुम्हाला योग्य वाटेल ते करा डॉक्टर. आमच्याकडे डॉक्टरांना दुसरं काही म्हणायची पद्धतच नाही. तो म्हणाला, "तिला विचारा."

"शिवून टाका," ती म्हणाली. "काही न करता, तसंच शिवून टाका."

नवा कागद आला. त्यावर तिने स्वतः सही केली. मनोहरने साक्षीदार म्हणून केली आणि पेन परत दिलं.

"आता उभ्या राहा. तो स्नायू नेमका कुठे काम करतो ते मला बघायचंय," डॉक्टर म्हणाले. तिने हात कमरेवर दाबला. त्यांनी पाठ चाचपली, मान हलवली. "असं नाही नीट कळत. दोरीवर असता तेव्हा काय करता?"

तिने खिडकीजवळच्या चौकटीकडे बोट दाखवलं. नर्स म्हणाली, "सर, काल यावरूनच…" डॉक्टरांनी तिला हाताने थांबवलं. जुनी जांभळी रेघ स्पिरिटने पुसली.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पुढे काय झालं ते सांगते. वाहिनी सापडली. साडेसात तास लागले. झालं ते निम्म्याहूनही थोडं लहान, एका कडेने काळं पडलं आणि दीड महिना ड्रेसिंग करावं लागलं. आठ महिन्यांनी ती दोरीवर चढली, पूर्वीसारखी छतापर्यंत मात्र परत कधी नाही. ते वयामुळे की त्या जखमेमुळे, तिलाही सांगता येत नाही. मनोहर आत झोपायला लागला आणि ती त्याच्या घोरण्याबद्दल माझ्याकडे तक्रार करायला लागली. इतकं सगळं करून तिला जे हवं होतं ते मिळालं का, हे मी दोनदा विचारलं. एकदा हो म्हणाली, एकदा म्हणाली, "काय माहीत, वन्सं." दोन्ही वेळा तिचा चेहरा सारखाच होता. मला त्यातलं नेमकं कुठलं धरावं ते अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या सकाळी यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं.

ती रिकाम्या खाटेवर चढली, वरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय वर घेतले. झग्याच्या पाठीच्या नाड्या मी सोडल्या. तिची पाठ मी प्रथमच अशी बघत होते. डाव्या बाजूला कातडीखाली काहीतरी ताणून उभं राहिलं, पंख्याच्या घडीसारखं. डॉक्टर वाकून त्याच्या कडेकडेने बोट फिरवत होते आणि बोटाच्या मागून पेन. "हा इथून निघतो. हा सोडायचा. याच्या वरचं फक्त…" ते स्वतःशीच बोलत होते. डॉ. तांबोळी वाकून बघत होत्या. आजी तर उठून खाटेजवळच येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"झालं. उतरा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

ती उतरली नाही.

"बाई, आठला टेबलावर घ्यायचंय तुम्हाला."

"हो. थोडं थांबा."

तिने डोळे मिटले होते. दांड्यावर बोटांची पकड एकदा सैल करून परत घट्ट केली. हात दुखत असणार, डावा तर नक्कीच, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. मनोहरला राहवलं नाही. तो पुढे झाला आणि तिचे पाय धरायला त्याने दोन्ही हात वर केले.

"धरू नका," ती म्हणाली. "नुसते उभे राहा."